सोबतीशिवाय एक पाऊल नाही : उत्तर कोरियातील पर्यटन कसे चालते

चीनच्या दानदोंग शहराजवळ यालू नदीवर दोन पूल शेजारीशेजारी उभे आहेत. त्यांपैकी एक अर्ध्यावरच संपतो. १९५० मध्ये अमेरिकी विमानांनी तो उद्ध्वस्त केला आणि कोरियाच्या बाजूला आता त्याचे फक्त खांब उरले आहेत. दुसऱ्या पुलावरून आगगाडी जाते. जानेवारी २०२० पर्यंत उत्तर कोरियाला जाणारे बरेचसे पर्यटक याच पुलावरून देशात शिरत असत आणि काही मिनिटांतच सिनुइजू स्थानकावर गाडी थांबत असे. तिथे गणवेशातले अधिकारी डब्यात चढत, प्रत्येकाच्या सामानाची उघडून तपासणी करत, पुस्तके चाळून पाहत, कॅमेऱ्यातली छायाचित्रे आणि संगणकातल्या फाइल्स तपासत. या तपासणीला दोन तासही लागत. २०१३ पर्यंत तर मोबाइल फोन सीमेवरच जमा करावा लागे आणि परत जाताना तो मिळे. धर्मग्रंथांच्या वाटण्यासाठी आणलेल्या प्रती, दक्षिण कोरियातले चित्रपट वा गाणी, त्या देशावर टीका करणारी पुस्तके यांपैकी काहीही सापडले, तर प्रकरण गंभीर होऊ शकते.

इथपर्यंत वाचून असे वाटेल की हा देश पर्यटकांना नकोच म्हणतो. वस्तुस्थिती तशी नाही. उत्तर कोरिया गेली अनेक दशके परदेशी पर्यटक घेत आला आहे, कारण त्याला परकी चलन हवे असते; मात्र तो त्यांना स्वतःच्या अटींवर घेतो. महासाथीपूर्वी पाश्चात्त्य देशांतून वर्षाला सुमारे पाच हजार लोक तिथे जात, तर चिनी पर्यटकांची संख्या त्याच्या कित्येक पट होती. तिथे एकट्याने, आपल्या मनाने फिरणारा पर्यटक ही कल्पनाच नाही. सहलीचा प्रत्येक दिवस, प्रत्येक हॉटेल, प्रत्येक जेवण आधी ठरलेले असते आणि ते सरकारी पर्यटन कंपनी ठरवते. परदेशातल्या ज्या मोजक्या संस्था या सहली विकतात, त्या या सरकारी कंपनीच्या मध्यस्थ असतात. १९९३ मध्ये बीजिंगमध्ये सुरू झालेली कोर्यो टूर्स ही त्यांतली जुनी आणि सुपरिचित संस्था आहे.

व्हिसा बहुधा पासपोर्टवर उमटवला जात नाही; वेगळे पर्यटक पत्र दिले जाते आणि परतताना ते काढून घेतले जाते. पत्रकारांना पर्यटक म्हणून येण्याची मुभा नाही. दक्षिण कोरियाच्या पासपोर्टवर या सहली करता येत नाहीत, आणि अमेरिकी पासपोर्ट तिथल्या प्रवासासाठी वापरण्यास १ सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकेच्याच सरकारने मनाई केली आहे. भारतीयांनीही या सहली केलेल्या आहेत. चीनमार्गे जाणाऱ्या भारतीयाने लक्षात ठेवावी अशी एक साधी गोष्ट म्हणजे त्याला चीनमध्ये परतही यायचे असते, त्यामुळे चीनचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. दोनदा प्रवेश देणारा घ्यावा लागतो.

आता मूळ व्यवस्थेकडे वळू, कारण ती समजली की बाकीचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. प्रत्येक गटाबरोबर, मग तो गट एकाच माणसाचा का असेना, किमान दोन गाईड आणि एक चालक असतो. हे गाईड सीमेवर किंवा स्थानकावर तुम्हाला ताब्यात घेतात आणि देश सोडेपर्यंत सोबत राहतात. रात्री तेही त्याच हॉटेलात मुक्काम करतात. त्यांना तुमची भाषा उत्तम येते, कारण अनेकांचे शिक्षण राजधानी प्याँगयांगच्या परदेशी भाषा विद्यापीठात झालेले असते, आणि छातीवर डावीकडे नेत्यांच्या चेहऱ्याचा छोटा बिल्ला असतो. गाईड दोन का, याचे एक उत्तर सोयीचे आहे: गट मोठा असतो, कुणी आजारी पडतो, कुणी मागे राहतो. दुसरे उत्तर असे की दोघे असले म्हणजे एकमेकांवरही लक्ष राहते.

बाहेरून पाहणाऱ्याला हे गाईड म्हणजे पहारेकरी वाटतात. ते काही अंशी खरेही आहे, परंतु तेवढेच समजून कुणी गेला तर त्याच्या हातून चूक होण्याची शक्यता फार वाढते. गाईड हा तुमचा जामीनदार असतो. सरकारने एका परक्या माणसाला देशात येऊ दिले, आणि तो काय करील, काय बोलेल, कशाचे छायाचित्र काढील याची जबाबदारी गाईडने आपल्या अंगावर घेतली, असा हा व्यवहार आहे. पर्यटकाने केलेल्या चुकीचा जाब आधी गाईडला द्यावा लागतो. पर्यटकाला बहुतेक वेळा ताकीद देऊन, फार तर छायाचित्रे पुसायला लावून सोडून दिले जाते आणि आठवड्याभरात तो आपल्या घरी पोहोचतो. गाईडला मात्र तिथेच राहायचे असते, तिथेच नोकरी टिकवायची असते. या सहलींबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा असेल, तर मी हीच सांगेन. नियम मोडण्याचे धाडस म्हणून जे मिरवले जाते, त्याची किंमत बहुधा दुसराच कुणी देतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते मानसू टेकडीवर. प्याँगयांगमध्ये आलेल्या जवळजवळ प्रत्येक गटाला पहिल्या एक-दोन दिवसांतच तिथे नेले जाते. टेकडीवर देशाचे संस्थापक किम इल-सुंग आणि त्यांचे पुत्र व वारस किम जाँग-इल यांचे वीस मीटरहून उंच ब्राँझचे पुतळे आहेत. पहिला १९७२ मध्ये, दुसरा २०१२ मध्ये बसवला गेला. पायथ्याशी फुले विकत मिळतात. गटातील एक-दोघे ती पुतळ्यांच्या पायाशी ठेवतात, मग सर्वजण एका ओळीत उभे राहतात आणि गाईडच्या इशाऱ्यावर एकदम कमरेतून वाकतात. या वेळी हात खिशात नसावेत, पाठीमागे बांधलेले नसावेत, गॉगल काढलेला असावा. त्यानंतर छायाचित्रे काढता येतात, पण पुतळा चौकटीत पूर्ण यायला हवा. पाय कापलेले किंवा फक्त चेहरा घेतलेले छायाचित्र चालत नाही. पुतळ्यासारखा हात उंचावून त्याच्यासमोर उभे राहणे म्हणजे नक्कल ठरते. हाच नियम छापील छायाचित्रांनाही लागू आहे: वर्तमानपत्रावर नेत्याचा फोटो असेल, तर त्याच्या चेहऱ्यावर घडी पडू द्यायची नाही, त्यात काही गुंडाळायचे नाही आणि ते कचऱ्यात टाकायचे नाही.

वाकण्याला ज्याचा मनापासून विरोध असेल, त्याने काय करावे? याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की त्याने ही सहल करू नये. तिथे पोहोचल्यावर ऐनवेळी नकार देणे म्हणजे आपल्या तत्त्वाचा भार गाईडच्या डोक्यावर ठेवणे होय. आधीच ठरवून न जाणे हा त्याहून स्वच्छ मार्ग आहे.

कुमसुसान सूर्यप्रासादातला विधी याहून कडक असतो. किम इल-सुंग हयात असताना त्यांचे कार्यालय असलेल्या या वास्तूत आता दोन्ही नेत्यांचे जतन केलेले देह ठेवलेले आहेत. स्वच्छ औपचारिक कपडे घालावे लागतात, कॅमेरे आणि फोन बाहेर जमा होतात, बुटांचे तळवे फिरत्या ब्रशांवर साफ होतात, लांबलचक सरकत्या पट्ट्यांवरून हळूहळू आत जावे लागते आणि शेवटच्या दालनापूर्वी हवेचे झोत अंगावरची धूळ झटकतात. देहाजवळ पायांशी, एका कुशीला आणि दुसऱ्या कुशीला असे तीनदा वाकतात. डोक्याच्या बाजूने वाकत नाहीत. त्याच रांगेत कोरियन नागरिकही असतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या डोळ्यांत पाणी असते. त्या अश्रूंचा अर्थ लावण्याची घाई करू नये, असे मला वाटते. लहानपणापासून ज्याला राष्ट्राचा पिता म्हणून पाहिले त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात भीती किती, भक्ती किती आणि सवय किती, हे चार दिवसांच्या पाहुण्याला कळण्याजोगे नाही.

नियमांचे गांभीर्य किती भयानक टोकाला जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे ओटो वॉर्म्बियर. परदेशी पाहुण्यांना अनेकदा प्याँगयांगच्या यांगाक्दो हॉटेलात ठेवतात. तेदोंग नदीतल्या बेटावर असलेली ही ४७ मजली इमारत आहे. तिच्या आवारात फिरता येते, पण बेटाबाहेर सोबतीशिवाय जाता येत नाही. तिच्या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्याचे बटणच नाही. वॉर्म्बियर हा अमेरिकी विद्यार्थी तिथे गटसहलीतून आला होता आणि कर्मचाऱ्यांसाठी राखीव असलेल्या भागातून प्रचाराचा एक फलक काढून नेण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. २ जानेवारी २०१६ रोजी देश सोडताना त्याला विमानतळावर पकडले, मार्चमध्ये सुमारे तासाभराच्या सुनावणीनंतर १५ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि जून २०१७ मध्ये त्याला बेशुद्धावस्थेत मायदेशी पाठवण्यात आले. १९ जून २०१७ रोजी तो मरण पावला. अन्नविषबाधेनंतर झोपेची गोळी घेतल्याने असे झाले, हे उत्तर कोरियाचे म्हणणे होते. त्याला तपासणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांना त्या विषबाधेचा पुरावा आढळला नाही. अमेरिकेची प्रवासबंदी याच घटनेनंतर आली.

त्याआधी २०१४ मध्ये जेफ्री फाउल नावाच्या अमेरिकी पर्यटकाला चोंगजिन शहरातल्या एका क्लबात बायबल ठेवल्याबद्दल अनेक महिने अटकेत राहावे लागले होते, आणि २०१३ मध्ये मेरिल न्यूमन या ८५ वर्षांच्या माजी सैनिकाला कोरियन युद्धातील त्याच्या कामगिरीवरून विमानातून उतरवून ताब्यात घेण्यात आले होते. बहुसंख्य पर्यटक सुखरूप परत येतात हे खरे आहे. पण जिथे स्वतंत्र न्यायालय नाही, तिथे एखाद्या क्षुल्लक कृत्याची शिक्षा किती होईल हे त्या कृत्यावरून ठरत नाही, पकडला गेलेला माणूस कोणत्या देशाचा आहे आणि त्या देशाशी संबंध कसे आहेत यावरून ठरू शकते. सहलीची किंमत मोजताना हा धोकाही त्यात धरावा लागतो.

या देशाबद्दल सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे तिथे दिसते ते सगळे नाटक असते का? रस्त्यावरची माणसे, मेट्रोतले प्रवासी हे नेमलेले नट आहेत, असे अनेकजण सांगतात. प्याँगयांगची मेट्रो १९७३ मध्ये सुरू झाली आणि जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल आहे. कित्येक वर्षे परदेशी पाहुण्यांना पुहुंग आणि योंगग्वांग ही झुंबरांनी आणि भित्तिचित्रांनी सजलेली दोनच स्थानके दाखवत. त्यावरून बाकीची मेट्रो अस्तित्वातच नाही, अशी समजूत पसरली. २०१० नंतर हळूहळू इतर स्थानके आणि पुढे दोन्ही मार्ग पाहुण्यांना खुले झाले, तेव्हा ती समजूत निकालात निघाली. तिथे बर्लिनच्या मेट्रोतून विकत घेतलेले जुने डबेही धावत असत. त्यांच्या खिडक्यांच्या काचांवर कुणा जर्मन तरुणांनी कधी काळी खरवडलेली अक्षरे दिसत, आणि आत मात्र दोन्ही नेत्यांच्या तसबिरी टांगलेल्या असत. त्या डब्यात बसलेला, पिशवी मांडीवर घेऊन पेंगणारा माणूस खरोखरच कामावरून घरी निघालेला असतो.

नाटक म्हणून सोडून दिले की विषय संपतो. म्हणूनच ते उत्तर मला अपुरे वाटते. खरी गोष्ट त्याहून खोल आहे. पाहुण्याला दाखवण्यासाठी तिथे खोटी माणसे आणावी लागत नाहीत, कारण निवड पाहुणा येण्याच्या फार आधी झालेली असते. सुमारे अडीच कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात प्याँगयांगची वस्ती तीस लाखांच्या आसपास आहे, आणि त्या शहरात राहण्यासाठी परवानगी लागते. घराण्याची राजकीय पार्श्वभूमी, पक्षनिष्ठा, नोकरी यांवर ती अवलंबून असते. म्हणजे राजधानीतल्या रस्त्यावर जो सामान्य माणूस म्हणून दिसतो, तो देशाच्या हिशेबाने आधीच निवडलेला असतो. त्यातून पुन्हा पर्यटकाला ठरावीक रस्ते, ठरावीक शाळा, ठरावीक शेती दाखवली जाते. दिसते ते खरे असते, पण किती आणि कोणत्या क्रमाने दिसावे हे दुसऱ्याने ठरवलेले असते.

यापुढची गोष्ट लक्षात येते तेव्हा स्वतःच्या गैरसोयीची तक्रार करावीशी वाटत नाही. पर्यटकाला आठवडाभर जे बंधन जाचते, ते तिथल्या नागरिकाच्या आयुष्याचे सौम्य रूप आहे. आपल्याच देशात दुसऱ्या प्रांतात जाण्यासाठी नागरिकाला परवाना लागतो. शहरांत वीस ते चाळीस कुटुंबांचा मिळून इन्मिनबान नावाचा शेजारगट असतो. त्याची प्रमुख बहुधा एखादी स्त्री असते आणि कुणाकडे पाहुणा रात्रीच्या मुक्कामाला आला तर तिच्याकडे नोंद करावी लागते. देशाबाहेरचे इंटरनेट सामान्य माणसाला मिळत नाही. त्याच्यासाठी देशांतर्गत वेगळे जाळे आहे. डिसेंबर २०२० च्या कायद्याने दक्षिण कोरियाचे चित्रपट आणि मालिका पाहणे वा वाटणे यासाठी अतिशय कठोर शिक्षा ठरवल्या. म्हणूनच मोबाइलमध्ये राहिलेली एखादी कोरियन मालिका, जी आपल्याकडे घरोघरी पाहिली जाते, ती तिथे कुणाला हौसेने दाखवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

मग पाहण्यासारखे काय उरते? पुष्कळ उरते, फक्त ते कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसते. सिनुइजू ते प्याँगयांग हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि आगगाडी त्यासाठी पाच-सहा तास घेत असे; रुळांची अवस्था यापेक्षा स्पष्ट कोणताही अहवाल सांगणार नाही. त्या खिडकीतून बैलगाड्या, ओळीने भातलावणी करणारी माणसे, सायकली हातात धरून फाटकापाशी थांबलेले लोक आणि झाडे नसलेल्या टेकड्या दिसत. १९९० च्या दशकातल्या दुष्काळात जळण आणि शेतीसाठी डोंगरउतार किती उघडे पडले, हे त्या टेकड्यांवर आजही वाचता येते. सैनिक, तपासणी नाकी, बांधकामे यांची छायाचित्रे काढायची नाहीत असा नियम आहे. डोळ्यांवर मात्र तसा नियम नाही. सणाच्या दिवशी प्याँगयांगच्या मोरानबाँग टेकडीवरच्या बागेत कुटुंबे डबे घेऊन जमतात, मध्यमवयीन बायका ढोलाच्या ठेक्यावर नाचतात आणि जवळून जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला हाताला धरून आत ओढतात. सहलीतला हा क्षण सर्वाधिक मोकळा असतो, असे अनेक प्रवाशांनी नोंदवले आहे.

गाईडशीही बोलता येते. राज्यकर्त्यांबद्दल, तुरुंगांबद्दल, उपासमारीबद्दल विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, आणि उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. मुलांच्या शाळा, लग्ने कशी जमतात, घरी कोण स्वयंपाक करते, सासूसासरे जवळ राहतात का, अशा गोष्टींवर हीच माणसे भरभरून बोलतात, आणि आपल्याकडच्या लग्नांबद्दल उलट विचारतात. देशाचे नाव घेताना तेवढी काळजी घ्यावी: ते स्वतःच्या देशाला चोसोन म्हणतात, आणि 'उत्तर कोरिया' हा शब्द त्यांना खटकतो; कोरिया एकच आहे, अशी त्यांची अधिकृत भूमिका २०२३ च्या अखेरपर्यंत होती.

दक्षिणेकडे केसाँगमार्गे दोन्ही कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजोमला नेतात तेव्हा या फाळणीची तीव्रता कळते. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविरामावर सह्या झाल्या ती इमारत तिथे आहे, आणि सीमारेषेवर आडव्या उभ्या असलेल्या निळ्या खोल्याही. तिथला माहिती देणारा माणूस लष्करी अधिकारी असतो आणि युद्ध अमेरिका व दक्षिणेने सुरू केले, असे तो सांगतो. इतिहास मात्र २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या सैन्याने रेषा ओलांडल्याचे सांगतो. तिथे वाद घालून काही साधत नाही. मराठी माणसाने मात्र त्या जागी क्षणभर थांबावे असे एक खास कारण आहे. युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळण्याचे नाजूक काम भारतीय सैन्याकडे सोपवले गेले, आणि त्या तुकडीचे नेतृत्व कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास विरोध केल्याने त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले होते. आज या पट्ट्यात उभा राहणारा फार थोडा भारतीय पर्यटक हे आठवत असेल.

पैशाचा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. पर्यटकाने दिलेले युरो किंवा युआन सरकारी कंपनीकडे जातात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांनी उत्तर कोरियाच्या कोळसा, लोखंड, मासळी आणि कापड यांच्या निर्यातीवर बंदी घातली आहे. पर्यटनावर नाही, त्यामुळे परकी चलनाचा हा मार्ग त्या राजवटीसाठी महत्त्वाचा ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशी आयोगाने २०१४ मध्ये तिथल्या राजकीय छावण्यांत ८० हजार ते १ लाख २० हजार माणसे कोंडलेली असल्याचा अंदाज दिला होता आणि तिथल्या अत्याचारांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले होते. जाऊ नये म्हणणाऱ्यांचा मुद्दा म्हणूनच मला वजनदार वाटतो. तरीही बाहेरच्या जगाबद्दल ज्यांना फक्त एकच बाजू सांगितली जाते, त्यांना नम्रपणे वागणारा, नाचात सामील होणारा परका माणूस प्रत्यक्ष दिसणे यालाही किंमत आहे असे मी मानतो, आणि या दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच कुणीही निर्णय घ्यावा.

तूर्त मात्र हा निर्णय प्रवाशाच्या हातात फारसा नाही. जानेवारी २०२० मध्ये सीमा बंद झाल्या त्या पर्यटकांसाठी चार वर्षे बंदच राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा रशियन पर्यटक घेतले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईशान्येकडचा रासोन भाग पाश्चात्त्य पर्यटकांना खुला झाला आणि तीन आठवड्यांच्या आतच, कारण न सांगता, पुन्हा बंद झाला. एप्रिलमध्ये प्याँगयांगच्या मॅरेथॉनसाठी परदेशी धावपटू आले. जुलैमध्ये वोनसान-काल्मा किनाऱ्यावर वीस हजार पाहुण्यांची सोय असल्याचे सांगितलेले भव्य पर्यटनस्थळ सुरू झाले, रशियन पाहुण्यांचा पहिला गट तिथे येऊनही गेला, आणि त्याच महिन्यात परदेशी पर्यटकांना तात्पुरती बंदी जाहीर झाली. त्यामुळे जाण्याचा विचार असेल, तर सहल विकणाऱ्या संस्थेला सीमा तुमच्या पासपोर्टसाठी प्रत्यक्ष उघडी आहे का, आणि ऐनवेळी बंद झाली तर पैसे परत मिळतील का, हे लेखी विचारावे. चीनचा व्हिसा आणि विमानाची तिकिटे त्याचे उत्तर आल्यानंतरच काढावीत.